परीक्षा, मोह आणि चकवा

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना ख्रिस्ती घरांतून रोज म्हटली जाते; पण तिच्यातल्या एका शब्दापाशी मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोन वाटा होतात. प्रॉटेस्टंट मंडळींच्या वापरात असलेल्या मराठी बायबलात तेथे 'परीक्षा' हा शब्द आहे. कॅथलिक मंडळी त्याच जागी 'मोह' म्हणतात. एकाचे मागणे परीक्षा टळावी असे, तर दुसऱ्याचे मोहापासून आपला बचाव व्हावा असे. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस'. त्यात पारख करणे आणि भुलविणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत मात्र त्यांची फारकत झाली आहे, आणि भाषांतरकाराला कोणाचा तरी एकाचा हात धरावा लागतो.

हा घोळ केवळ आपलाच आहे असे नाही. २०१७ साली फ्रेंच कॅथलिकांनी आपल्या प्रार्थनेतील ही ओळ बदलली. त्याच सुमारास पोप फ्रान्सिस यांनी रूढ भाषांतराविषयी जाहीर नापसंती दर्शविली. मोहाकडे ढकलणारा देव नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे इटालियन उपासनाग्रंथाच्या २०२० च्या आवृत्तीतही ती ओळ बदलली. दोन हजार वर्षे घोकलेल्या ओळीबद्दल अजून शंका उपस्थित होते, याचा अर्थ त्या शब्दाखालचा अनुभवच अवघड आहे. मी ख्रिस्ती नाही. पण गोष्टी लिहिणाऱ्या माणसाचे सारे भांडवल या एका अनुभवावर उभे असते. मोह नसेल तर पात्र नाही आणि पात्र नसेल तर कादंबरी नाही. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखकांनी मोहाचे काय केले, हे पाहण्याची मला फार दिवसांची उत्सुकता आहे.

शाळामास्तराला 'परीक्षा' हा शब्द ओळखीचा. परीक्षा घेणाऱ्याच्या मनात मुलाने उत्तीर्ण व्हावे असे असते, निदान असावे. मोह घालणाऱ्याच्या मनात त्याने नापास व्हावे असे असते. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर, पण परीक्षेच्या वर्गात दोघेही एकाच बाकावर बसलेले असतात. समोरची प्रश्नपत्रिका ही परीक्षा आणि शेजाऱ्याची उत्तरपत्रिका हा मोह! मुलाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकाच तीन तासांत, एकाच घामात घडतात. याकोबाच्या पत्राने, देव कोणालाही मोह घालीत नाही, असे ठासून सांगितले आहे. आणि तरीही शुभवर्तमानांप्रमाणे येशूला रानात नेतो तो पवित्र आत्माच. तेथे त्याची गाठ पडते ती मात्र सैतानाशी. हे कोडे धर्मशास्त्र्यांनी सोडवावे. वाङ्मयाच्या दृष्टीने ते न सुटलेलेच बरे.

आता 'मोह' शब्दाकडे पाहू. हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडविलेला नाही. तो आपल्या घरचा, षड्रिपूंच्या रांगेतला. काम, क्रोध, लोभ यांच्यानंतर मोह येतो. लोभ आणि मोह ही दोन वेगळी नावे आहेत, हे आपण विसरून जातो. हाव सुटणे हा लोभ. मोह म्हणजे मूढ होणे, भान हरपणे, समोरचे जे आहे ते न ओळखणे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला झाला तो मोह. त्याला कोणी लाडू दाखविला नव्हता. उलट, आपण मोठे दयाळू आणि विरक्त बोलत आहोत असेच त्याला वाटत होते. अठराव्या अध्यायाच्या शेवटी मोह गेल्याची कबुली तो देतो, तेव्हा त्याच जोडीला स्मृती परत आल्याचेही सांगतो. म्हणजे मोहाचे औषध निग्रह नव्हे, तर ओळख पटणे होय. मराठी ख्रिस्ती माणसाने 'मोह' हा शब्द उचलला तेव्हा हे सारे त्याच्या पदरात आपोआप पडले. परकीय मिशनऱ्यांना त्याची कल्पना असो वा नसो.

आमच्या पोलादपूर-महाडकडच्या डोंगरांत याच अर्थाचा एक अधिक रोखठोक शब्द आहे : चकवा. आंबेनळी घाटाच्या अंगाच्या रानांत रात्री-अपरात्री एकटा निघालेला माणूस पायाखालची वाट चुकतो. चालत राहतो, आणि पहाटे पाहतो तो निघाल्या जागीच उभा असतो. लोक म्हणतात, चकवा लागला. चकवा भीती दाखवीत नाही, लालूच दाखवीत नाही. तो फक्त ओळखीची वाट ओळखीचीच भासवितो. त्यात सारी गोम आहे. चकवा लागलेला माणूस आपण घरी चाललो आहोत याच खात्रीने झपाझप पावले टाकीत असतो. त्यावर जुने लोक उपाय सांगतात तो असा की, चालणे थांबवावे आणि उजाडेपर्यंत बसून राहावे.

परीक्षा, मोह आणि चकवा या तीन शब्दांची कसोटी घेऊन मी मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचतो. जेथे जेथे या लेखकांनी मोहाला बाहेरून आलेला शत्रू मानले आहे, तेथे तेथे त्यांचे लेखन प्रचारापलीकडे गेलेले नाही. उलट ज्यांना तो चकव्यासारखा भेटला, चांगुलपणाच्याच वाटेवर, घरी जाण्याच्या ओढीत भेटला, त्यांनी मराठीला काही कायमचे दिले.

मूळ कथेतच याची खूण आहे. मत्तय आणि लूक यांनी येशूची रानातली कसोटी विस्ताराने सांगितली आहे. मार्काने ती दोन वाक्यांत उरकली आहे. आपल्या कीर्तनकाराला तपोभंगाची कथा सांगायला सांगितली की मेनका ठरलेली. विश्वामित्र डोळे मिटून बसलेला आणि पायांत वाळे घातलेली अप्सरा! शुभवर्तमानातल्या रानात अप्सरा नाही. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला दगडांच्या भाकरी करायला सांगितले जाते. भुकेल्याने भाकरी खावी यात पाप कोणते? मंदिराच्या शिखरावरून उडी घ्यायला सांगितले जाते. त्यासाठी सैतान स्तोत्रसंहितेतला आधारही तोंडपाठ म्हणून दाखवितो. पोथी वाचून आलेला सैतान ही कल्पना मला अप्सरेपेक्षा कितीतरी भयंकर वाटते. तिसरे आमिष साऱ्या राज्यांचे. राज्य हाती आले तर लोकांचे भले करता येईल, असा विचार कोणत्या सज्जनाच्या मनाला शिवत नाही? दोस्तोयेव्हस्कीने 'करामाझोव बंधू' या १८८० च्या कादंबरीत याच तीन प्रश्नांवर एक म्हातारा धर्माधिकारी उभा केला. भाकर, चमत्कार आणि सत्ता यांना नकार देऊन तू माणसांवर अन्याय केलास, असे तो ख्रिस्तालाच सुनावतो. त्याचे बोलणे वाचताना आपण घटकाभर त्याच्या बाजूचे होतो. मोहाचे वाङ्मय असे असावे लागते. वाचकालाच चकवा लागला पाहिजे.

मराठीत ही कथा सविस्तर प्रथम आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्हींपैकी एकही मुद्रित प्रत हाती नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. स्टीफन्सच्या मराठीप्रेमाचे गोडवे आपण पुष्कळ गातो, आणि ते रास्तही आहे. पण मला त्याच्या एका शब्दाने अडविले.

तो शब्द म्हणजे 'देवचार'. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला न कचरणारा हा पाद्री सैतानासाठी देवचार हे नाव वापरतो, आणि गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत ते आजही त्याच अर्थाने रुळलेले आहे. गोव्यातल्या हिंदूंचा देवचार कोण? तो गावाचा राखणदार. रात्री खांद्यावर घोंगडी आणि हाती घुंगुरकाठी घेऊन तो शिवेवरून फिरतो, आणि वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो अशी श्रद्धा आहे. चकव्याच्या नेमके उलट! वाट दाखविणाराच वाट चुकविणारा ठरला. यात स्टीफन्सचा द्वेष होता असे मी म्हणत नाही. तो ज्या संघाचा, त्या संघाच्या संस्थापकाने, संत इग्नेशियसने, १५४८ साली मान्यता मिळालेल्या आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात असे बजावले होते, की साधनेत पुढे गेलेल्याकडे दुष्ट आत्मा देवदूताच्या रूपाने येतो. शेजाऱ्याचा राखणदार हा वेषांतर केलेला भुलविणारा आहे, असे मानायला हे सूत्र फार सोयीचे. पण याच सूत्राचा आरसा स्वतःकडे वळविला तर? आपल्या धर्मनिष्ठेच्या भरात शेजाऱ्याच्या पवित्र वस्तूला सैतान म्हणण्याची ऊर्मी, हाही देवदूताच्या रूपाने आलेला मोहच नाही का? पुराणकाराने हा आरसा वळविला नाही. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या गोव्यात ते शक्यही नव्हते. तरी मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या उगमापाशीच हा पेच बसलेला आहे, हे विसरता येत नाही.

दोनशे वर्षांनी तो पेच आमच्या नदीच्या मुखाशी आला. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहत बाणकोटला समुद्राला मिळते. त्या बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी ठाणे केले. पुढे हर्णैलाही त्यांचे काम चाले. शाळा काढल्या, मराठी शिकले, आणि काही वर्षांत त्यांचा मुक्काम मुंबई-पुण्याकडे हलला. या हालचालीतून एक ख्रिस्ती मराठी गद्य तयार झाले. हरि केशवजींनी जॉन बन्यनच्या १६७८ सालच्या रूपककथेचे 'यात्रिक क्रमण' हे मराठी रूपांतर १८४१ साली प्रसिद्ध केले. बन्यन तांबट होता, शाळा फारशी शिकलेला नव्हता. म्हणूनच की काय, त्याला मोह दिसतो तो रस्त्याच्या रूपात. त्याच्या कथेत एके ठिकाणी यात्रेकरूची मूळ वाट खडबडीत होते, पाय दुखू लागतात, आणि कुंपणापलीकडे तिला समांतर जाणारी हिरवळीची मऊ पायवाट दिसते. दिशा तर तीच, मग तिकडून गेले तर काय बिघडले? त्या पायवाटेवरून तो संशयाच्या गढीत जाऊन कैद होतो. हा अस्सल चकवा. आंबेनळीच्या गुराख्यालाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

बाबा पदमनजींना बन्यनची ही युक्ती साधली नाही. १८५७ सालचे त्यांचे 'यमुनापर्यटन' मराठीतली पहिली कादंबरी म्हणून गौरविले जाते, आणि विधवांच्या दुःखाची ठळक नोंद त्यात आहे. पण यमुनेला मोह होतच नाही. ती पहिल्या पानावर जशी, तशीच शेवटच्या पानावर. संकटे येतात, ती सारी समाजाकडून येतात. तिच्या आत काही हलत नाही. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली आहे, असे वाचताना वाटत राहते. नवल असे, की याच पदमनजींनी १८८८ साली 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले तेव्हा ते कितीतरी मोकळे झाले. तरुणपणी ते परमहंस सभेच्या वर्तुळात होते. गुप्तपणे जमायचे, जातिभेद मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, आणि सकाळी पुन्हा सोवळे नेसून घरी वावरायचे, असा तो मामला. मनाने एकीकडे आणि देहाने दुसरीकडे राहण्याची ही सोय म्हणजे बन्यनची हिरवळीची पायवाटच. दिशा तीच, फक्त काटे नाहीत. १८५४ साली बाप्तिस्मा घेईपर्यंत पदमनजी या सोयीशी झगडले. ज्याने हे भोगले त्याने यमुनेला त्यातला एक कणही देऊ नये, याची मला कादंबरीकार म्हणून चुटपुट लागते.

येथे एका आक्षेपाचा विचार करायला हवा. आपल्या समाजाच्या बोलण्यात मोहाचा आरोप नेहमी धर्म बदलणाऱ्यावर येतो. पैशाला भुलला, नोकरीला भुलला, बाईला भुलला, हे धर्मांतरिताविषयीचे ठरीव निदान. मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या कायद्यात तर 'प्रलोभन' हा शब्द अधिकृतपणेच येऊन बसला. तेव्हा नव्या ख्रिस्ती माणसाची अवस्था चमत्कारिक होते. जुने घर म्हणते, तू ज्या वाटेने गेलास ती मोहाची. नवे घर म्हणते, मागे वळून पाहशील तर तो मोह. दोन्हीकडून बोट त्याच्याच वाटेकडे. अशा माणसाने आपला मोह नेमका कोणता, हे कोणाच्या शब्दांवर विसंबून ठरवावे?

हा प्रश्न जिवाच्या कराराने विचारला आणि घाईने सोडविला नाही, असे मराठीत एकच पुस्तक आहे : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागांनी ते प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे शिक्षण जेमतेम. लिहिण्यातला त्यांचा सारा ऐवज कानाचा आणि जिभेचा. या पुस्तकाची तारीफ विनोदाबद्दल होते, साध्या भाषेबद्दल होते. पाठ्यपुस्तकांतले उतारेही बहुधा हसविणारेच निवडतात. पण ते एका अर्थी मोहाचे पुस्तक आहे, हे फारसे कोणी म्हटलेले नाही.

सुरुवातच पाहा. जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात वडिलांना सोवळ्याचे वेड. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, विटाळाच्या भीतीने घरच्या माणसांना जीव नकोसा करायचा. या माणसाला कोणी मोही म्हणेल का? तो स्वतःला अत्यंत धर्मनिष्ठ समजतो, आणि त्याच निष्ठेने घराचा तुरुंग करतो. लेक त्याच्याबद्दल एकही कडवट शब्द काढीत नाही, त्याला सैतान ठरवीत नाही, त्याच्या धर्मालाही ठरवीत नाही. ख्रिस्ती झालेल्या बाईला येथे आपल्या जुन्या धर्मावर ताशेरे ओढण्याची आयती संधी होती. पदमनजींनी ती सोडली नसती. लक्ष्मीबाई नुसते दाखवितात. पावित्र्याचा चकवा कसा लागतो ते त्या घरात फिरून आपल्यालाच कळते.

महाडच्या वाचकाला हे पान वाचताना दुसरे पाणी आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य घालून ते तळे 'शुद्ध' केले. त्या घागरी ओतणाऱ्यांना आपण पाप करीत आहोत असे वाटत होते का? मुळीच नाही. ते पुण्यच करीत होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दिवशी, महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. मोहाचा सर्वांत घट्ट प्रकार कोणता, असे मला विचारले तर मी दारू किंवा पैसा यांचे नाव घेणार नाही. त्या घागरींकडे बोट दाखवीन.

'स्मृतिचित्रे'चा गाभा मात्र नारायणराव टिळकांच्या धर्मांतरानंतरच्या वर्षांत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी सुमारे दोन वर्षे आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार दिला होता. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले. बायको मागे राहिली. नातलगांच्या आश्रयाने पंढरपूर, नाशिक अशी दिवस काढू लागली. या काळात तिच्यापुढे दोन्हीकडून धर्मच उभा होता. नवऱ्याकडे जाणे हा पतिव्रतेचा धर्म, न जाणे हा जातीचा धर्म. कोणते पाऊल मोहाचे आणि कोणते निष्ठेचे, हे तिला सांगणारा एकही तटस्थ माणूस आसपास नव्हता. प्रेम तिला ज्या दिशेने ओढत होते त्या दिशेला नरक आहे, असे तिच्या जिवाभावाच्या माणसांचे मत होते.

मग ती काय करते? निर्णय असा घेतच नाही. चकवा लागलेल्या शहाण्या माणसाप्रमाणे ती उजाडेपर्यंत बसून राहते. पुढे मुलाला घेऊन नगरला जाते, पण आपले सोवळे-ओवळे सांभाळूनच. नवऱ्यावर तिचा जीव आहे, त्याच्या देवावर अजून नाही. आणि एकासाठी दुसऱ्याचे सोंग करायला ती तयार नाही. मग केव्हातरी, कोणाचे प्रवचन न ऐकता, जातिभेद माणसांनी केला आहे, देवाने नव्हे, असे तिच्या मनात आतूनच उगवते. आणि ती कोणाच्याही हातचे खायला-प्यायला तयार होते. त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पाणी आधी, बाप्तिस्म्याचे पाणी मागाहून. ख्रिस्ती होण्याने ती मोहातून सुटली नाही. मोह ओळखता आला म्हणून ख्रिस्ती होता आले. वर मी म्हटले की मोहाचे औषध निग्रह नव्हे, ओळख. त्याचा याहून स्वच्छ दाखला मला मराठीत आढळलेला नाही.

एका मित्राने यावर मला असे अडविले होते, की बाईंच्या पुस्तकात प्रलोभनाशी झुंज कोठे आहे? उपवास नाही, अश्रू नाहीत, रात्रभर गुडघे टेकणे नाही. खरे आहे. युरोपातल्या ख्रिस्ती वाङ्मयाला आपण या झुंजीवरून ओळखतो. इजिप्तच्या वाळवंटातला चौथ्या शतकातला संत अँथनी, त्याच्याभोवती नाचणारी भुते, ती रंगविणारे चित्रकार. पण वाळवंट हे संन्याशाचे. लक्ष्मीबाईंचे रान म्हणजे स्वयंपाकघर. झुंज तेथेच चालते : टिळकांनी पुन्हा कोणाला तरी जेवायला आणले आहे, पैसे कोणाला तरी देऊन टाकले आहेत, आणि घरात काही नाही. दातृत्वाला मोह कसे म्हणावे? पण लक्ष्मीबाईंच्या हिशेबात ते कधीकधी मोहासारखेच वागते. देणाऱ्याला दिल्याचे सुख, आणि चुलीपाशी बसलेल्याला त्याची किंमत! हे त्या विनोदाने सांगतात म्हणून आपण हसतो. हसून झाल्यावर लक्षात येते की एका संताची पारख झाली आहे आणि पारख करणारी त्याची बायको आहे.

काझान्झाकिस या ग्रीक कादंबरीकाराने १९५५ साली ख्रिस्ताच्या अखेरच्या मोहावर कादंबरी लिहिली. १९८८ साली तिच्यावरच्या चित्रपटाने जगभर गदारोळ झाला. त्याच्या मते क्रूसावरचा शेवटचा मोह म्हणजे बायकोमुलांचा साधा सुखी संसार. कल्पना जोरकस आहे, पण पुरुषाची आहे. घर हा मोह आणि घर सोडणे हा विजय, हे गृहीत धरूनच ती चालते. 'स्मृतिचित्रे' हे गृहीतच उलटे करून पाहते. येथे घर सोडून जाण्याची ओढ, मोठ्या कार्याची हाक, यांचीच झडती घेतली जाते. दोन पुस्तकांत थोर कोणते हा वाद मी घालणार नाही. पण मोहाचे ज्ञान कोणाला अधिक, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पंडिता रमाबाईंचा येथे उल्लेख करायला हवा, कारण त्यांनी या प्रश्नाची आणखी एक बाजू उघडी केली. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच त्यांचे आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीनशी, खटके उडू लागले. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटेना. मठातल्या खाण्यात त्या आपला जुना शाकाहार सोडीनात. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, असा प्रश्न त्या करीत. सिस्टरच्या दृष्टीने हा सारा अहंकाराचा मोह. नम्र होऊन ऐकणे हा त्यावरचा इलाज. रमाबाईंच्या दृष्टीने मोह नेमका उलट होता : ज्यांनी आसरा दिला, प्रेम दिले, त्यांच्या उपकारापोटी आपली विवेकबुद्धी गहाण टाकण्याचा. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. कादंबरीकाराने तो उशाशी ठेवावा अशा योग्यतेचा आहे. दोन प्रामाणिक बायका एकाच वागण्याकडे पाहतात. एक त्याला पतन म्हणते, दुसरी त्याला उभे राहणे म्हणते. दुसऱ्याच्या मोहाला नाव देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता असते. धर्मगुरूंच्या, मास्तरांच्या आणि टीकाकारांच्याही हाती ती असते, आणि ती वापरण्याचा मोह काही थोडा नसतो. पण गंमत अशी, की रमाबाईंनी उत्तरायुष्यात बायबलाचे भाषांतर केले तेव्हा हिंदू उपासनेचा वास येणारे शब्द त्यांनी वेचून वेचून बाहेर काढले. स्टीफन्सने वैकुंठ घेतले, त्यांनी ते टाळले. एवढी स्वतंत्र बुद्धीची बाई शब्दांच्या सोवळ्यात शिरली, हे वाचून लक्ष्मीबाईंच्या वडिलांची आठवण मला टाळता आलेली नाही.

टिळकांनी मात्र ते सोवळे पाळले नाही. आपण तुकारामाच्या आधाराने ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत, आणि त्यांची भजने त्याची साक्ष देतात. जुन्या घराचा द्वेष केल्याने नव्या घरात पत वाढते, हा धर्मांतरिताला लागणारा नेहमीचा चकवा. तो त्यांनी ओळखला होता. दुसरा चकवा मिशनच्या पगाराचा. त्यांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास राहू लागले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही त्यात जागा होती. अवघ्या दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले.

हा दरबार म्हणजे त्यांच्या जीवनाचा कळस, असे चरित्रकार लिहितात. कादंबरीकाराला तेथे थांबावेसे वाटते. पन्नाशी ओलांडलेला, प्रकृती खालावलेला एक कवी बांधलेला पगार सोडून संन्याशासारखा निघतो. हे मंदिराच्या शिखरावरून उडी घेणे होते, की त्या शिखरावर उभे राहून उडी घ्यायला नकार देणे? देवदूत झेलतील या भरवशावर घेतलेली उडी आणि श्रद्धेने टाकलेले पाऊल यांत बाहेरून फरक दिसत नाही. लक्ष्मीबाई या प्रसंगी नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहतात, पण त्याच्यावर आरतीही ओवाळीत नाहीत. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अपुरे राहिले होते. ते त्यांनी पुढे नेले, आणि त्यांच्याही मृत्यूनंतर, १९३८ साली, ते प्रसिद्ध झाले. शिखरावरून खाली पाहणाऱ्याचे काय झाले ते सांगण्याऐवजी त्या खाली उभ्या राहून ओव्या लिहीत होत्या. साताऱ्याच्या त्या दोन वर्षांवर मराठीत अजून कोणी कादंबरी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.